जरा उजेडात बघून येते

मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही नऊ जण दादरला गेलो होतो. त्यात खरी खरेदी करणारी एकटी मावशी. बाकीचे पिशव्या धरायला आणि न विचारलेली मतं द्यायला. चपला बाहेर, आम्ही पांढऱ्या गादीवर, समोर साड्यांचा ढीग वाढतोय, एक चहा झालाय, दुसरा येऊ घातलाय. दीड तासाने एक डाळिंबी शालू पक्का झाला आणि सगळ्यांनी हुश्श केलं. तेवढ्यात मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, शालू दंडावर टाकला आणि म्हणाली, "जरा उजेडात बघून येते." दुकानातला पोऱ्या काही न बोलता तिच्यामागोमाग फुटपाथपर्यंत गेला. त्याला सवय असावी. दोन मिनिटांनी मावशी परत आली. "विटकरी मारतोय. दुसरा दाखवा."

आत डाळिंबी, बाहेर विटकरी. शालू तोच.

दुकानाच्या वातावरणाचा गिऱ्हाइकावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास गेली पन्नास वर्षं चालू आहे. मला त्याचा गाभा मावशीच्या त्या दोन मिनिटांत दिसतो. तिने शालू दुकानातून बाहेर काढला. दिवे, आरसे, गादी, चहा, सेल्समनचं गोड बोलणं हे सगळं वजा केलं आणि मग जो शालू उरला तो बघितला. हे जे वजा केलं, त्याला मार्केटिंगच्या भाषेत 'ॲटमॉस्फेरिक्स' म्हणतात. मार्केटिंगचे प्राध्यापक फिलिप कोटलर यांनी १९७३ सालच्या एका लेखात हा शब्द पुढे आणला. त्यांचं म्हणणं असं की माणूस नुसती वस्तू घेत नाही, ती जिथे मिळते त्या जागेचेही पैसे मोजत असतो, आणि कधी कधी वस्तूपेक्षा जागेचाच जोर जास्त चालतो. ही जागा आपल्यापर्यंत पोचते ती डोळे, कान, नाक आणि स्पर्श या चार वाटांनी. चव त्यांनी वगळली, कारण जागेला चव नसते. आपल्या फरसाणवाल्यांनी हातावर चिवड्याची चिमूट ठेवून ही उणीव केव्हाच भरून काढली आहे, पण ते असो.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, मेहराबियन आणि रसेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी जागा आणि मन यांचा एक आराखडा मांडला. कुठल्याही जागेत शिरलं की आपल्यात तीन गोष्टी कमीजास्त होतात: बरं वाटणं, तरतरी येणं, आणि 'इथे माझं चालतं' असं वाटणं. त्यावरून आपण ठरवतो, थांबायचं की निघायचं. १९८२ मध्ये हा आराखडा दुकानांना लावून बघितला गेला, तेव्हा पहिल्या दोन गोष्टींचा परिणाम दिसला, तिसरीचा फारसा नाही. म्हणून पुढे बऱ्याच अभ्यासकांनी तिसरी सोडूनच दिली. माझ्या मते मुंबईत तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

दिव्याखालचं आणि दारातलं

रंग पूर्णपणे कापडात नसतो. कापड फक्त पडलेल्या उजेडातला काही भाग गिळतं आणि उरलेला परत पाठवतं. त्यामुळे उजेडातच जो रंग कमी आहे, तो कापड परत तरी कुठून पाठवणार? उन्हात सगळे रंग भरपूर असतात. आजकालचा पांढरा एलईडी दिवा मात्र मुळात निळा असतो. त्या निळ्या उजेडावर पिवळसर लेप देऊन तो पांढरा भासवलेला असतो. त्यात निळ्याचा भाग ठळक राहतो आणि गडद लाल तुटपुंजा. आमच्या शालूतलं विटकरीपण आत बहुधा याचमुळे लपलं होतं.

दिवा रंग किती खरे दाखवतो, याला १०० पैकी गुण देतात. त्या आकड्याला सीआरआय म्हणतात आणि तो चांगल्या दिव्यांच्या खोक्यावर छापलेला असतो. घरगुती एलईडीला साधारण ८० मिळतात, कपड्यांच्या चांगल्या दुकानात ९० च्या वरचे दिवे लावतात. यात एक मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल त्या आठांत धरलेलाच नाही. त्याचे गुण वेगळे मोजतात. म्हणजे सरासरीत ८० मिळवलेला पोरगा एका विषयात नापास असावा, तसं काही दिव्यांचं लाल रंगाच्या बाबतीत होतं. आणि आपल्याकडचा लग्नाचा बस्ता म्हणजे निम्मा लाल.

याहून फसवा प्रकार मॅचिंग सेंटरात घडतो. साडी आणि ब्लाउजपीस काउंटरवर शेजारी ठेवले तर अगदी एकजीव, आणि कार्यालयाच्या अंगणात फोटो काढायला उभं राहिलं की दोन्ही दोन दिशांना. दोन वेगळे रंग एका विशिष्ट उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. यात फसवणूक कोणाचीच नसते. दोन कापडांचे डाय वेगळे, इतकंच. म्हणून मॅचिंग सेंटरात जाणत्या बायका कापडाची घडी घेऊन आपसूक दाराकडे सरकतात.

सराफाकडे हेच ज्ञान उलट्या बाजूने वापरलेलं दिसेल. उजेडाचा पिवळेपणा केल्विनमध्ये मोजतात आणि आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा. सोन्यावर साधारण ३००० केल्विनचा ऊबदार उजेड सोडतात, हिऱ्यांवर आणि चांदीवर त्याच्या बऱ्याच वरचा, थंड पांढरा. मोठ्या पेढीत ठुशी-पाटल्यांच्या काउंटरवरून हिऱ्यांच्या काउंटरकडे गेलात, तर मान वर करून दिवे बघा. आणि दागिना बांधून देतात तो गुलाबी कागद? एलईडी यायच्या कितीतरी आधीपासून सराफांना ठाऊक होतं की सोनं गुलाबीवर खुलतं.

गादी, चहा आणि वेळ

दिव्यांनी वस्तू कशी दिसेल ते ठरतं. बाकीचं वातावरण मुख्यतः एकच गोष्ट ठरवतं: तुम्ही किती वेळ थांबाल.

यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग रोनाल्ड मिलिमन यांचा, १९८२ सालचा. अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटमध्ये काही दिवस संथ लयीचं संगीत लावलं, काही दिवस जलद. संथ लयीच्या दिवशी गिऱ्हाइकं हळू चालली आणि जलद लयीच्या दिवसांच्या तुलनेत विक्री सुमारे ३८ टक्के जास्त झाली. चार वर्षांनी त्यांनी हेच एका रेस्टॉरंटमध्ये करून बघितलं. संथ संगीतात लोक सरासरी ५६ मिनिटं बसले, जलद संगीतात ४५. जेवणाचं बिल जवळपास तेवढंच राहिलं, पण बसलेल्यांनी दारू जास्त मागवली.

हे वाचून उडुप्याने संथ सतार लावायची का? मुळीच नाही. तिथे दारू नाही, आणि कमाई टेबल किती वेळा रिकामं होतं त्यावर. म्हणून तिथे उजेड लख्ख, बाक कडक, ताटल्यांचा खणखणाट, आणि तुमचा शेवटचा घास तोंडात असतानाच टेबलावर ओलं फडकं फिरतं. हेही वातावरणच आहे आणि तितकंच विचारपूर्वक, फक्त ते उठा म्हणतं. वेळ वाढवणं म्हणजे धंदा वाढवणं हे सूत्र ज्याच्या त्याच्या हिशेबावर ठरतं.

साडीच्या दुकानाचा हिशेब मात्र थांबवण्याचाच. तिथली गादी मला जगातल्या कुठल्याही स्टोअर डिझाइनरच्या तोडीची वाटते. चपला काढून मांडी घातलेलं माणूस सहजासहजी उठत नाही. नऊ जण बसले असतील तर अजिबातच नाही, कारण एकाने उठायचं म्हटलं की आठ जणांच्या चपला शोधाव्या लागतात. गादी पांढरी, म्हणजे तिच्यावर पडलेला प्रत्येक रंग ताजा दिसतो. सेल्समन साडी नुसती दाखवत नाही, फर्रकन उलगडतो, काठ आणि पदर तुमच्या मांडीपर्यंत येतो आणि हात आपोआप जातो. मग ते वाक्य येतं: "घेऊ नका ताई, नुसती अंगावर टाकून बघा."

या वाक्यामागे काय दडलंय, ते २००९ मध्ये जोआन पेक आणि सुझान शू यांच्या प्रयोगांतून दिसलं. वस्तू नुसती हाताळायला दिली, तरी ती आपलीच असल्याची भावना वाढते. आणि आपल्या वाटणाऱ्या वस्तूला माणूस जास्त मोल देतो. अंगावर टाकलेली साडी आरशात बघितली की ती 'दुकानातली' राहत नाही. मग नको म्हणताना काहीतरी परत केल्यासारखं वाटतं. त्यात तोवर दोन चहा झालेले.

रिकाम्या जागेची किंमत

वातावरणाचं दुसरं मोठं काम म्हणजे कुठला भाव 'बरोबर' वाटेल ते ठरवणं. किमतीची चिठ्ठी बघण्याआधीच आपण एक अंदाज बांधलेला असतो, आणि तो बऱ्याच अंशी मोकळ्या जागेवरून येतो. हजार चौरस फुटांत बारा बॅगा ठेवल्या असतील तर बॅग महाग असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. २०१६ मध्ये यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वस्तूंमधली मोकळी जागा वाढवली तर तीच वस्तू लोकांना जास्त देखणी आणि जास्त किमती वाटते, असं आढळलं. मुंबईत तर हे दुप्पट खरं असावं. ज्या शहरात स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, तिथे रिकामी फरशी ही सगळ्यात उघड श्रीमंती.

याची उलट बाजू स्वस्ताईची दुकानं नेमकी ओळखतात. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला सुरू झालं. तिथे झगमगाट नाही, माल भरगच्च मांडलेला, सजावटीवर खर्च केल्याची खूण नाही. तो साधेपणा हाच निरोप असतो: इथे तुमचे पैसे झुंबरात गेलेले नाहीत. बिग बझारने, २००१ पासून, याच गोष्टीचं नाटक आणखी रंगवलं. त्याचे संस्थापक किशोर बियाणी यांनी दुकान मुद्दाम गजबजलेलं, दाटीवाटीचं ठेवलं. गहू-तांदूळ उघड्या पिंपांत, म्हणजे गिऱ्हाइकाला मूठभर घेऊन बोटांतून सोडून बघता यावेत. परदेशी सुपरमार्केटची ऐसपैस, शांत रचना आपल्या मध्यमवर्गाला 'हे महाग आहे' असं सांगते, गर्दी मात्र 'भाव चांगला आहे' असं सांगते, हे त्यांनी हेरलं होतं. कंपनी पुढे कर्जात बुडाली, २०२२ मध्ये बहुतेक दुकानं रिलायन्सकडे गेली, ती कहाणी वेगळी. दाटीचं निदान मला आजही अचूक वाटतं.

गर्दी सगळ्यांना सारखी मानवत नाही, हेही खरं. गिऱ्हाइकांच्या वागण्याचा अभ्यास करणारे पॅको अंडरहिल यांनी दुकानांतल्या चित्रीकरणावरून दाखवलं होतं की अरुंद जागेत वाकून वस्तू बघणाऱ्या बाईला मागून कोणाचा धक्का लागला, की ती हातातली वस्तू तशीच ठेवून निघून जाते. मुंबईकर बाईला लोकलने धक्क्यांची सवय लावली आहे म्हणून तिला चालतं, असं एका दुकानदाराने मला ऐकवलं होतं. त्याने हे एखाद्या गिऱ्हाईक बाईला विचारलं असेल असं वाटत नाही.

तुम्ही कशासाठी आलात त्यावरही बरंच अवलंबून असतं. भडक रंग आणि वेगवान संगीत सहज फिरायला आलेल्यांना आवडतं, ठरावीक काम घेऊन आलेल्यांना तेच नकोसं होतं, असं २००६ च्या एका अभ्यासात दिसलं. महिन्याचं वाणसामान भरायला आलेल्या माणसाच्या कानात ढोल वाजवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

वास, आणि थोडी शंका

वासाबद्दल फार काही बोललं जातं, त्यातलं अर्धं सुगंध विकणाऱ्या कंपन्या बोलतात. मुंबईकराला वासाची ताकद सांगायला नको. लालबागच्या मसाला गल्लीत शिरलेला माणूस शिंकत शिंकत का होईना, पाव किलो मसाला घेऊन निघतो. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तरी त्या स्टेशनवरून जाताना अजून कित्येकांचं नाक खिडकीकडे वळतं. पण दुकानात वेगळा फवारलेला वास एकट्याने फारसं काही करत नाही. २००५ च्या एका प्रयोगात नाताळचा सुगंध सोडला, तर तो तेव्हाच लोकांना भावला जेव्हा संगीतही नाताळचंच होतं. संगीत दुसरं असेल तर वास उलट खटकला. गणपतीच्या दिवसांत केवडा, धूप आणि आरतीची कॅसेट एकत्र असली की मखराच्या दुकानात पाय रेंगाळतो. केवड्याच्या जागी व्हॅनिला आला तर काय होईल, कल्पना करा.

आता शंका. सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रयोग इंग्लंडमधला, १९९७ चा. एका सुपरमार्केटमध्ये वाइनच्या फळीजवळ एक दिवस फ्रेंच संगीत, एक दिवस जर्मन, असं दोन आठवडे लावलं. फ्रेंच संगीताच्या दिवशी फ्रेंच वाइनच्या ४० बाटल्या गेल्या आणि जर्मनच्या ८. जर्मन संगीताच्या दिवशी जर्मनच्या २२ आणि फ्रेंचच्या १२. विचारलेल्या ४४ जणांपैकी फक्त ६ जणांनी कबूल केलं की संगीताचा आपल्यावर परिणाम झाला असेल. किस्सा झकास आहे. पण बेरीज करा: सगळ्या मिळून ८२ बाटल्या. एक दुकान, एक फळी, पंधरा दिवस. तसंच ते ३८ टक्केही एकाच सुपरमार्केटमधले. या आकड्यांवरून 'संगीत लावा, विक्री वाढवा' असं सांगणारा सल्लागार भेटला तर चहा पाजून वाटेला लावावा. वातावरण काठावरच्या माणसाला ढकलतं. ज्याला जर्मन वाइनच हवी आहे, तो तीच घेऊन जातो. दोन बाटल्यांत ज्याला फरक माहीत नाही, त्याच्यासाठी मात्र कोपऱ्यातला स्पीकर निर्णय घेतो आणि तो घेतल्याचं त्याला कळतही नाही.

आत कोण येणार

हे सगळे प्रयोग माणूस दुकानाच्या आत आलाय असं धरूनच झाले. वातावरणाचं पहिलं काम मात्र दारातच होऊन जातं, कोण आत येईल ते ठरवण्याचं, आणि ते मोजमापात पकडता येत नाही, कारण जो आलाच नाही त्याचा वेग कोण मोजणार? 'इथे माझं चालतं' ही तिसरी भावना आकड्यांत दिसली नाही, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. ज्या बाईचं तिथे चालत नव्हतं, ती आधीच पुढच्या गल्लीत गेली होती.

मुंबईत याचा नमुना फार उघडपणे बघायला मिळाला. १९९९ मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल सुरू झाला, तेव्हा उसळलेली गर्दी आवरायला सुरुवातीला एक अट घातली होती: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर आत यायचे पैसे भरा. आज हे ऐकून हसू येतं. पण काचेचं दार, थंडगार हवा, गुळगुळीत फरशी आणि गणवेशातला गार्ड हे चौघं मिळून तीच अट आजही घालतात, फक्त बोर्ड लावत नाहीत. लोअर परळला गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला, तेव्हा आसपासच्या चाळींतले किती जण पहिल्या वर्षात आत गेले असतील? उलट नायगावला १९४८ मध्ये सुरू झालेल्या अपना बाजार या सहकारी भांडारात गिरणी कामगार हक्काने शिरायचा. तिथे सजावट अशी काही नव्हती. होती ती ओळख.

आमच्या बस्त्याचा शेवटचा टप्पा असाच एका मॉलमध्ये होता. नवरीला रिसेप्शनसाठी लेहेंगा हवा होता. शोरूमच्या दाराशी मावशी थबकली आणि इकडेतिकडे बघायला लागली. चपला कुठे काढायच्या ते शोधत होती. आतल्या मुलीने हसून, "नको आंटी, अशाच या," म्हटलं. मावशी आली, पण दादरला गादीवर ढीग उपसणारी ही बाई इथे हात मागे बांधून उभी राहिली. ना बसायला गादी, ना चहा, ना कोणी अंगावर टाकून बघा म्हणणारं. भाव तिने एकाचाही विचारला नाही.

अखेर नवरीने एक लेहेंगा पसंत केला. मावशीने त्याची ओढणी बोटांत धरली, वर दिव्यांकडे बघितलं, मग दाराकडे. दाराबाहेरही दिवेच होते. मुलीने सांगितलं, तिसऱ्या मजल्यावर फूड कोर्टात काचेचं छत आहे, तिथे ऊन येतं. पण लेहेंग्याला प्लास्टिकचा कडक टॅग होता, दाराबाहेर नेला तर घंटा वाजते.

मावशीने ओढणी होती तशी नीट ठेवली आणि तिला विचारलं, "मग बाळा, तुमच्याकडे रंग कुठे बघतात?"